नोकरी सांभाळून पीपीएल: पैसे कुठे वाचतात आणि कुठे जातात

प्रश्न: मी डोंबिवलीत राहतो, वय २९, पवईला आयटीत नोकरी. विमान उडवायला शिकायचं लहानपणापासून मनात आहे, करिअर म्हणून नाही, हौस म्हणून. बारा लाख रुपये बाजूला काढलेत. शनिवार-रविवार जाऊन दीडेक वर्षात पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, करायचा विचार आहे. जुहूला शिकता येईल का? सगळ्यात कमी ताशी दर कुठे मिळेल? आणि चष्मा आड येईल का?

उत्तर:

चष्म्याचं आधी सांगून टाकते, कारण अर्धी मुलं तिथेच अडून बसलेली असतात. चष्मा लावून नजर नीट होत असेल तर खासगी वैमानिकाच्या परवान्याला तो आड येत नाही. रंग मात्र ओळखता आले पाहिजेत. ते घरबसल्या ठरवू नका. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, यादीवरच्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्या: डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी. यादीवरचे डॉक्टर मुंबईत आहेत, त्यासाठी कुठे लांब जायला नको. आणि हे मेडिकल कोणत्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपया देण्याआधी करायचं. फी भरून झाल्यावर मेडिकलमध्ये काहीतरी निघालं की मग परताव्यासाठी पत्रव्यवहार सुरू होतो, आणि त्या पत्रांना उत्तरं कशी येतात ते विचारू नका.

जुहूचं उत्तर नाही असंच आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळवला तो तिथेच शिकून. त्यामुळे मुंबईकराच्या डोक्यात विमान शिकणं म्हणजे जुहू हे पक्कं बसलंय. पण आज जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाच्या कुशीत आहे, वर प्रवासी विमानांची ये-जा आणि खाली समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं. नवशिक्याने तिथे तासाला सहा-सहा लँडिंगं करत बसावं अशी जागाच उरलेली नाही. क्लबनेही आपलं उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला हलवलं. म्हणजे मुंबईकराला उडायचं तर बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव नाहीतर गोंदिया. यातलं काहीही धरलं तरी एक गोष्ट ठरलेली: मुक्काम.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तो प्रश्नच बदलायला हवा.

ताशी दर सगळे विचारतात, कारण तो फोनवर सांगता येतो. समजा एका ठिकाणी तासाला १४,००० आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी १३,०००. (आकडे उदाहरणाचे आहेत, दर बदलत राहतात आणि विमानावरही अवलंबून असतात.) नियमाप्रमाणे पीपीएलला किमान ४० तास लागतात. १४,००० च्या ठिकाणी ४० तासांत संपलं तर ५,६०,००० होतात. १३,००० च्या ठिकाणी रडतखडत ५५ तास लागले तर ७,१५,०००. स्वस्तातली शाळा दीड लाखाने महाग पडली. दर हजाराने इकडे-तिकडे झाला तर फरक पडतो चाळीस-पन्नास हजारांचा. तास वाढले की फरक लाखांत जातो. त्यामुळे शाळेला विचारायचा खरा प्रश्न असा: माझे ४० तासांचे ५५ होऊ नयेत म्हणून तुमच्याकडे काय सोय आहे?

तास वाढतात ते बहुतेक वेळा खंड पडल्यामुळे. शनिवार-रविवारची तुमची योजना इथेच मार खाते. कागदावर आठवड्याला दोन उड्डाणं दिसतात. प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री तुम्ही कल्याणहून निघता, दौंडला उतरून बारामतीला पोहोचता. शनिवारी सकाळी धुरकं असतं, दहापर्यंत दृश्यमानता पाच किलोमीटरच्या वर जात नाही. साडेदहाला विमान मिळतं, तर तुमच्या पुढे कमर्शियल परवान्याची मुलं रांगेत. रविवारी तेच विमान शंभर तासांच्या तपासणीला हँगरमध्ये. पुढच्या शनिवारी लग्न. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही विमानात बसता तेव्हा हात विसरलेले असतात. तासातली पहिली वीस मिनिटं मागचाच धडा गिरवण्यात जातात, आणि वरच्या दराने ती वीस मिनिटं साडेचार हजारांना पडतात. वर सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, टप्प्यावर असलात तर मोठ्या खंडानंतर कोणतीही जबाबदार शाळा तुम्हाला एकट्याला सोडणार नाही. आधी इन्स्ट्रक्टरबरोबर चेक, मग सोलो. त्या चेकचेही पैसे तुमचेच. मी इतकी वर्षं शिकवतेय, शनिवार-रविवारवाल्यांची हौस कमी असते असं मला कधीच वाटलं नाही. लॉगबुक, म्हणजे उड्डाणतासांची वही, मात्र हमखास जाड होते.

माझं मत विचाराल तर दीड वर्ष हे असं वाटा: जमिनीवरचं सगळं मुंबईत, नोकरी करत, सहा-आठ महिन्यांत. आणि हवेतलं सगळं एका दमात, सलग दोन-अडीच महिने रजा काढून, आठवड्याला चार-पाच उड्डाणं. कंपनी बिनपगारी रजा देत असेल तर ती घ्या. बुडालेला पगार आणि वाचलेले तास यांचा हिशेब एकदा मांडून पाहा. तुमच्या पगारात तो कदाचित बरोबरीत सुटेल, पण शिकणं चांगलं होईल. अगदीच रजा मिळत नसेल तर तीन-तीन आठवड्यांचे दोन-तीन तुकडे करा, मात्र एक तुकडा पहिल्या सोलोपर्यंत पोहोचलाच पाहिजे. सोलोच्या तोंडाशी आणून सोडून देणं हा सगळ्यात महागडा खंड.

जमिनीवरचं म्हणजे काय? आधी डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर खातं आणि परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर. याला दहावीची गुणपत्रिका वगैरे कागद लागतात, आणि नावात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर आठवडे जातात. आधार, पासपोर्ट, गुणपत्रिका या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत, त्यामुळे मराठी मुलांचे अर्ज इथे अडकतातच.

मग अभ्यास. पीपीएलचा एकच संयुक्त पेपर असतो: हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, आणि विमान व इंजिन. पास व्हायला ७० टक्के. इंजिनीअर माणसाला हे अवघड नाही, पण नियम पाठच करावे लागतात, तिथे तर्क चालत नाही. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे असायची. २०२५ च्या जानेवारीत भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, त्याने ती डीजीसीएकडे आणली. पेपर उड्डाण सुरू करण्याआधी देऊन टाका. जी मुलं शाळेच्या ठिकाणी राहून, मेसचं बिल भरत पेपरचा अभ्यास करतात, ती चांगल्या हवेची सकाळ पुस्तकात घालवतात.

आता जमिनीवरची जी तयारी जवळजवळ कुणीच करत नाही ती सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. ज्या विमानावर शिकणार त्याचं हँडबुक शाळेकडून आधीच मागून घ्या. त्याच्या कॉकपिटचा फोटो मोठ्या आकारात प्रिंट करून भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावा. समोर खुर्ची टाका आणि चेकलिस्ट हाताने करा. नुसती वाचायची नाही. फ्युएल म्हटलं की हात त्या नॉबवर गेला पाहिजे, मिक्श्चर म्हटलं की लाल नॉबवर, कार्ब हीट (कार्बोरेटर गरम करायचा नॉब) म्हटलं की त्याच्यावर. रोज पंधरा मिनिटं, डोळे मिटून बरोबर जागी हात जाईपर्यंत.

याचा पैशाशी संबंध काय? बिलाचं मीटर बहुतेक ठिकाणी इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चालतं. सेसना १५२ हे छोटं विमान घेऊन दोन विद्यार्थी एकाच सकाळी निघाले असं समजा. पहिला चेकलिस्टवर बोट ठेवून एकेक ओळ वाचतो, मॅग्नेटो चेकला (इंजिनच्या ठिणगीची तपासणी) स्विच शोधतो, टॉवरला काय सांगायचं ते आठवत धावपट्टीआधीच्या होल्डिंग पॉइंटवर थांबतो. चाकं सुटेपर्यंत मीटरवर अठरा मिनिटं झालेली. दुसऱ्याचा हात आधीच वळलेला असतो, तो नऊ मिनिटांत हवेत. एका तासाच्या धड्यात पहिल्याला चार लँडिंगं मिळतात, दुसऱ्याला पाच-सहा. इंजिन तेवढंच चाललं, पेट्रोल तेवढंच जळलं, ताशी बावीस-चोवीस लिटर. शिकणं मात्र सव्वापट-दीडपट.

सर्किटचंही, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या एका फेरीचंही, तसंच. टेकऑफ, जमिनीपासून हजार फुटांवर डावीकडे वळून डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने), तिथले चेक, पॉवर कमी, फ्लॅप्स, बेस (धावपट्टीकडे वळायचा टप्पा), फायनल (उतरायची सरळ रेषा). प्रत्येक टप्प्याला आकडा आणि रेडिओवरचं वाक्य ठरलेलं आहे. हे लोकलमध्ये उभ्या उभ्या, मनातल्या मनात होऊ शकतं. डोंबिवली ते कांजूरमार्ग या वेळात चार-पाच सर्किटं आरामात बसतात. फक्त ओठ हलवू नका, गर्दीत लोक जागा देतात पण वेगळ्या कारणाने.

घरच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. नकाशावरून मार्ग काढणं, व्हीओआरची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्राची) सुई समजून घेणं, रेडिओ आणि चेकलिस्टचा क्रम यासाठी उत्तम. लँडिंग त्यावर शिकू नका. पडद्यावर शिकलेली मुलं खऱ्या विमानात डोळे समोरच्या तबकड्यांवर चिकटवून बसतात, आणि फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याच्या, वेळी धावपट्टीच्या टोकाकडे बघायचं सोडून नाकासमोरच्या डांबराकडे बघतात. मग विमान एकतर आपटतं, नाहीतर तरंगत राहतं. ती सवय मोडायला मला दोन-तीन तास लागतात. अर्थात तुमच्या पैशाने.

शाळा कशी निवडायची? ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची क्रमवारी जाहीर करायला लागली आहे: ए प्लस प्लस, ए प्लस, ए, बी. पहिल्या यादीत वरच्या दोन वर्गांत एकही शाळा नव्हती. त्यावरून निराश व्हायचं कारण नाही, पण वेबसाइटवरच्या चकचकीत फोटोंवर विश्वासही ठेवू नका. दोन दिवस रजा काढून प्रत्यक्ष जा, सकाळी साडेसहाला हँगरपाशी उभे राहा आणि मोजा. आवारात विमानं किती हा आकडा फसवा आहे. आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत ते बघा. त्यांवर विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती. मग चहाच्या टपरीवर विद्यार्थ्यांशी बोला. गेल्या महिन्यात तू किती तास उडलास, एवढाच प्रश्न. "बारा" असं उत्तर चार जणांकडून आलं तर तिथे तुमचे ४० तास तीन महिन्यांत होणार नाहीत, ऑफिसातल्या बाईंनी काहीही सांगो. आणखी एक: बहुतेक शाळांचं पोट कमर्शियल परवान्याच्या मुलांवर चालतं. तुमचे ४० तास त्यांच्या २०० तासांपुढे लहान गिऱ्हाईक आहेत. म्हणून रोजच्या यादीत तुमचं नाव कसं लागेल, ते प्रवेशाआधी चीफ इन्स्ट्रक्टरच्या तोंडून ऐका.

पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या. एकरकमी भरलं तर अमुक टक्के सूट, हे आमिष सगळीकडे असतं. सूट चांगली, पण विमान तीन महिने बंद पडलं किंवा इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेला तर तुमचे पैसे तिथे आणि तुम्ही डोंबिवलीत. दहा-दहा तासांचे पैसे भरत जा. करारात पाच गोष्टी लेखी घ्या: दरात पेट्रोल आणि कर धरले आहेत का, पेट्रोल महागलं तर दर बदलणार का, ब्रीफिंगचे वेगळे पैसे आहेत का, दुसऱ्या विमानतळावर उतरल्याचा खर्च कोणाचा, आणि न वापरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत.

विमान कोणतं यावर मुलं फार वेळ घालवतात. सेसना १५२ दोन आसनी, जुनं, कमी पितं आणि साधं शिकवतं. १७२ चार आसनी, प्रशस्त, महाग. काचेच्या पडद्यांचं कॉकपिट फोटोत छान दिसतं, पण तुम्हाला आधी बाहेर बघायला शिकायचंय. मिळालं तर १५२ घ्या. एकच पथ्य: शिकताना विमानाचा प्रकार मध्येच बदलू नका, प्रत्येक बदलाला दोन-तीन तास जातात.

वेळ कधीची? जून ते सप्टेंबर विसरा. बारामती पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे पावसाळ्यातही काही दिवस मिळतात, पण रजा त्या भरवशावर काढू नका. एप्रिल-मेमध्ये धुळ्याकडे सकाळी दहानंतर जमीन तापून विमान असं हलतं की नवशिका शिकण्याऐवजी नुसता घट्ट धरून बसतो. शिवाय गरम हवा विरळ असते, इंजिन आणि पंख दोघेही मंदावतात. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुरकं तास-दोन तास खातं, ते धरूनच चला. आणि व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून केलेलं, उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांत संपलंच पाहिजे, त्यामुळे हिवाळ्याचा दिवस तसा आखूडच.

४० तासांची विभागणीही नीट समजून घ्या, कारण आपला नियम थोडा वेगळा आहे. त्यातले किमान २० तास सोलो हवेत, आणि सोलोतले ५ तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळांकडे लांबचं उड्डाण, ज्यात एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण २७८ किलोमीटरची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. अमेरिकेत सोलो १० तास पुरतात. म्हणजे आपल्याकडे किमान तासांत बसवायचं तर इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास फक्त २० मिळतात. ते २० तास सोन्याच्या भावाचे आहेत. प्रत्येक धड्याआधी आज काय करणार हे विचारून जा, उतरल्यावर दहा मिनिटं इन्स्ट्रक्टरला सोडू नका. आणि सोलोचे तास नुसते भरू नका. मुलं सोलो मिळाला की आकाशात चकरा मारत मीटर पळवतात. तेच तास क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातलं) लँडिंग, शॉर्ट फील्ड (आखूड धावपट्टीचा सराव) आणि वळणांमध्ये उंची राखण्यात घालवले तर जनरल फ्लाइंग टेस्टसाठी, म्हणजे परवान्याच्या उड्डाण-चाचणीसाठी, वेगळे तास विकत घ्यावे लागत नाहीत. क्रॉस-कंट्रीला फ्लाइट प्लॅन आणि एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी लागते. तो वेळेत आला नाही की सकाळ जाते. म्हणून लांबची फेरी रजेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

परदेशी जाऊन करावं का, हेही तुम्ही पुढे विचारालच. अमेरिकेत विमानं भरपूर, हवा चांगली असेल अशा राज्यात सहा-सात आठवड्यांत होतं. पण व्हिसा, तिकडची सुरक्षा तपासणी, राहणं आणि डॉलर. नंतर भारतीय परवाना करून घ्यायचा मनसुबा असेल तर सोलोचे तास आपल्या नियमाच्या हिशेबाने तिकडेच पूर्ण करून या. नुसत्या हौसेसाठी मी तरी बारामती-धुळ्यालाच सांगेन.

आता तुमचे बारा लाख. उड्डाणाचं बजेट ४० नाही, ५० तासांचं धरा. सलग शिकूनही सगळ्यांचं ४० मध्ये होत नाही. वरच्या उदाहरणाच्या दराने सात लाख. तीन महिन्यांची खोली आणि मेस, मेडिकल, परीक्षा, चाचणीची फी, स्वतःचा हेडसेट, जाण्या-येण्याचा खर्च यासाठी दीड-पावणेदोन लाख बाजूला काढा. हेडसेट सेकंडहँड घ्या, काही वाईट नसतो. लाखभर रुपये असेच राहू द्यात, कारण एखादा आठवडा हवेने किंवा विमानाने खाल्ला की तेच कामी येतात.

उरलेल्या सव्वादोन-अडीच लाखांना शिकताना अजिबात हात लावू नका. ते परवान्यानंतरचे आहेत. पीपीएलवर तुम्हाला पैसे घेऊन उडवता येत नाही, आणि आपल्याकडे तासावर भाड्याने विमान सहज मिळेल अशी परिस्थिती नाही. बहुतेकदा शिकलात त्याच शाळेकडे किंवा एखाद्या क्लबकडे जावं लागतं. कुणाला शेजारी बसवायचं तर अलीकडच्या काळात ठरावीक टेकऑफ-लँडिंगं झालेली हवीत. परवाना कपाटात ठेवून वर्षभराने आईला फिरवायला नेऊ म्हणाल तर ते होणार नाही. म्हणून प्रवेश घेतानाच त्या शाळेला विचारून ठेवा: परवाना मिळाल्यावर मला महिन्याला एक तास, याच विमानावर, याच दराने द्याल का? हो म्हणाले तर तेही करारात लिहून घ्या.